बायकांनी आणलेली बातमी



बाभुळगावच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, येशूच्या पुनरुत्थानाच्या कथा. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग हळूच विचारणा झाली, ‘सर, संतसाहित्यावर काही होणार नाही का?’ होईल की. थोडं तेही होईल. पण ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार ज्या चार-सहा पानांवर आहे, ती पानं बहुतेकांनी नीट वाचलेली नसतात. आम्ही ख्रिस्ती लोकही त्यात आलो. नाताळ सर्वांना ठाऊक असतो. ईस्टर म्हटलं की ‘ते नेमकं कधी असतं हो?’ असं विचारतात. विचारणाऱ्याची चूक नाही, तारीख दरवर्षी बदलते. वसंतसंपातानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तिथी-वारानं सण पाळणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

मी ख्रिस्ती आहे आणि जन्मभर मराठी शिकवलेला मास्तर आहे. आज मास्तर म्हणून वाचणार आहे. ख्रिस्ती माणूस मध्येच बोलला तर त्याला बोलू द्या.

सुरुवात एका साध्या प्रश्नानं करू. येशूला कबरेतून उठताना कोणी पाहिलं?

कोणीच नाही.

मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं. चारही लेखक मृत्यू बारकाईनं सांगतात. क्रूस, आंब, शिपायांनी कपड्यांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या, अरिमथाईकर योसेफानं रोमन सुभेदार पिलाताकडे जाऊन मागून घेतलेलं प्रेत, तागाचं कापड, कबरेच्या तोंडावर लोटलेली धोंड. मग शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि लेखणी थांबते. पुन्हा चालू होते ती रविवारी पहाटे, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आत काय झालं, प्रेत कसं हाललं, डोळे केव्हा उघडले, याविषयी चौघांनी मिळून एक ओळ लिहिलेली नाही. मत्तय भूकंप आणतो, धोंड लोटणारा देवदूत आणतो, पण कबरेतून बाहेर पडणारा येशू तोही दाखवत नाही. एवढा मोठा प्रसंग, आणि रंगवायचा मोह चौघांनी आवरला. याचा मला अजून अचंबा वाटतो.

मोह आवरला म्हणतो, कारण दुसऱ्या कोणाला तो आवरला नव्हता. इजिप्तमध्ये अखमीम इथं १८८६-८७च्या हिवाळ्यात एका कबरेत एक जुनं हस्तलिखित सापडलं. ‘पेत्राचं शुभवर्तमान’ या नावानं ते ओळखलं जातं. त्यातला मूळ मजकूर दुसऱ्या शतकातला आहे. तिथं सगळी आतषबाजी आहे. आकाशातून दोन पुरुष उतरतात, धोंड आपणहून सरकते, कबरेतून तिघं बाहेर येतात. त्यातल्या दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, तिसऱ्याचं आभाळाच्याही वर गेलेलं. आणि त्यांच्यामागून क्रूस चालत येतो. नुसता चालत नाही, विचारलं तर उत्तर देतो! आपल्याकडच्या पौराणिक सिनेमावाल्यांनी हे हातोहात उचललं असतं. चर्चनं मात्र हे पुस्तक शास्त्रात घेतलं नाही.

आता ती चार पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कबरेवर कोण गेलं? मार्क म्हणतो, तिघी: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. मत्तय दोघी सांगतो. लूक योहान्नेचं नाव घालतो आणि वर ‘इतर बायका’ म्हणतो. योहानाच्या गोष्टीत मरीया एकटीच अंधारात जाते. तिथं कोण दिसलं? एकाकडे पांढऱ्या झग्यातला तरुण, दुसऱ्याकडे देवदूत, तिसऱ्याकडे दोन पुरुष, चौथ्याकडे दोन देवदूत. शिष्यांना येशू कुठं भेटला? लूक त्यांना यरुशलेम सोडू देत नाही, मत्तय थेट गालीलातल्या डोंगरावर नेतो. सभागृहात वकील मंडळी असतील तर उलटतपासणीसाठी त्यांचे हात शिवशिवत असतील.

या विसंगती कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या, असं समजू नका. दुसऱ्या शतकात टेशियन नावाच्या सीरियन लेखकानं चारही पुस्तकं एकत्र गुंफून एकच सलग, सुबक चरित्र तयार केलं होतं. सीरियातल्या चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत वाचलं जाई. म्हणजे चारही वृत्तान्त घासूनपुसून एक करायची सोय हाताशी होती. तरी शेवटी चार वेगळ्या साक्षी वेगळ्याच राहिल्या. साक्षीदारांना आधी एकत्र बसवून पढवलेलं नाही, एवढं तरी यावरून दिसतं.

आणि मार्क! चौघांत तो बहुधा सर्वांत जुना, साधारण इसवी सन ७०च्या आसपासचा. त्याचा शेवट तर विलक्षण आहे. तिघी बायका सुगंधी द्रव्यं घेऊन निघतात. वाटेत एकच काळजी, ती धोंड आपल्यासाठी कोण लोटील? पोचतात तो धोंड लोटलेली. आत पांढऱ्या कपड्यातला तरुण सांगतो, तो इथं नाही, तुमच्यापुढे गालीलात गेलाय, जा आणि शिष्यांना कळवा. बायका थरथर कापत पळत सुटतात, आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या आणि महत्त्वाच्या प्रतींमध्ये, एक व्हॅटिकनमधली आणि एक सीनाय पर्वताजवळच्या मठात मिळालेली, मार्कचं पुस्तक इथंच थांबतं. पुढच्या बारा ओळी मागाहून जोडल्या गेल्या असाव्यात, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या अनेक बायबलांत त्या कंसात किंवा टिपेसह छापतात. मला त्या जोडणाऱ्याची कीव येते आणि त्याच्याबद्दल आपुलकीही वाटते. आनंदाची बातमी सांगायला बसलेलं पुस्तक भीतीवर संपतंय, हे त्याला पाहवलं नसणार.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. आजचा खरा मुद्दा हाच आहे, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार आहे.

चारही जणांचं एकमत कशावर आहे? कबर रिकामी असल्याची बातमी पहिल्यांदा बायकांनी आणली, यावर. आणि चारही याद्यांत मग्दालीया मरीयेचं नाव आहे.

आज आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण तो काळ पाहा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस मोशेच्या नियमशास्त्राचा सारांश देताना सरळ लिहून जातो की बायकांची साक्ष घेऊ नये, त्यांचा स्वभाव उथळ असतो. पुढे दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या विद्वानानं ख्रिस्ती धर्मावर सडकून टीका लिहिली. ती आपल्याला कळते ती ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानं दिलेल्या उत्तरातून. तिच्यात सेल्ससचा एक टोमणा आहे: उठलेला येशू पाहिला कोणी, तर म्हणे एका भ्रमिष्ट बाईनं! म्हणजे ही साक्ष दुबळी आहे हे टीकाकारांना कळत होतं. लिहिणाऱ्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. गोष्ट रचायचीच असती तर निकदेमासारखा धर्मसभेतला प्रतिष्ठित माणूस कबरेवर पाठवला असता. योसेफ होता, पेत्र होता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून गोष्ट रचणारा माणूस आपला पहिला साक्षीदार कोर्टात टिकणार नाही असा कशाला निवडील?

हा पुरावा नव्हे. कोणी पुरावा म्हणून पुढे केला तर मी हात जोडीन. पण गोष्ट पारखताना हे बाजूलाही ठेवता येत नाही.

लूक तर एक पाऊल पुढे जातो. बायका धावत येऊन प्रेषितांना सांगतात, तेव्हा त्या अकरा जणांना ते बोलणं बडबड वाटलं, हे तो स्पष्ट लिहितो. कोणाला वाटलं? ज्यांच्या नावानं पुढे देवळं बांधली गेली त्यांना. त्याच दिवशी दोन शिष्य यरुशलेमपासून अकराएक किलोमीटरवरच्या अम्माऊस गावाच्या वाटेवर एका अनोळखी वाटसरूला सगळी हकिकत सांगतात: आमच्यातल्या काही बायका म्हणतात कबर रिकामी आहे, आमच्यातले काही जाऊन पाहूनही आले, पण तो काही दिसला नाही. सोबत चालतोय कोण, हे त्यांना माहीत नाही. लूकला विनोदाचं अंग नव्हतं असं म्हणणाऱ्यानं हा प्रसंग पुन्हा वाचावा.

आणि मग पौल, गावोगावच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित. उठलेला येशू कोणाकोणाला दिसला याबद्दलचा आपल्या हाती असलेला सर्वांत जुना लेखी मजकूर शुभवर्तमानांत नाही, पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. साधारण इसवी सन ५३-५५, म्हणजे क्रूसाच्या घटनेनंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षं. तो म्हणतो, मला जे मिळालं तेच तुमच्या हाती दिलं, आणि यादी देतो. ख्रिस्त केफाला, म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सर्व प्रेषितांना, आणि शेवटी मला. या यादीत मग्दालीया मरीया कुठं आहे? नाही. एकही बाई नाही. यादी पौलाची स्वतःची नाही, त्याला मिळालेली आहे, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तरीही जी बातमी बायकांनी आणली, तिच्या पहिल्या अधिकृत यादीतून बायकाच गळाल्या! वीस-पंचवीस वर्षं पुरली त्याला. आपल्या ग्रामपंचायतींचे ठराव, सातबारे, पतसंस्थांची सभासद-पुस्तकं उघडा. यादीतून बाई कशी गळते, हे मी बाभुळगावात येऊन शिकवायला नको.

इथं यवतमाळ जिल्ह्याचं बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की आपल्याकडे समिती बसते. नापिकी होती का, कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का, हे पाहते, आणि प्रकरणावर शेरा पडतो: पात्र किंवा अपात्र. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. हे दोन शब्द या जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. घरात काय घडलं हे ज्या बाईला सर्वांत जास्त माहीत, तिचं सांगणं कागदावर किती उतरतं? जमीन सासऱ्याच्या नावावर असली, कर्ज सावकाराचं असलं, त्याची चिठ्ठीही नसली, तर तिची साक्ष शेवटी बडबडच ठरते.

२०१९च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, ते तुमच्या आठवणीत असेल. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि देशभर गदारोळ झाला. मग उद्घाटन केलं आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. आयोजकांनी हे अडचणीतून मार्ग म्हणून केलं की मनापासून, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली, तीत मी पडत नाही. पण साहित्याच्या मंचावर त्या बाई उभ्या राहिल्या आणि सभामंडप गप्प झाला, तेव्हा माझ्या मनात लूकचा तो प्रसंग आला होता. ज्यांचं म्हणणं कोणी धरत नाही, त्यांच्याचकडे बातमी असते.

आपल्या मराठीतली ख्रिस्ती परंपराही मला याच अंगानं वाचावीशी वाटते. मराठीत ही कथा आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट धर्मगुरूनं १६१६ साली गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. जवळपास अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी मात्र रोमन. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या केरी या मिशनऱ्यानं १८११ साली मराठी नवा करार छापला, तो मोडीत. ही सगळी पुरुषांची कामं. आता पुढचं पाहा. पंडिता रमाबाई, स्वतः विधवा, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणतात. १९२२ साली त्या जातात, आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यातून ते पूर्ण बाहेर पडतं. तो छापखाना चालवणाऱ्या कोण? आश्रमातल्या बायका. दुसरं उदाहरण रेव्हरंड टिळकांचं. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला, ही हकिकत तुम्हाला माहीत असेल. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य लिहायला घेतलं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय झाले आणि १९१९ साली ते गेले. पुढचं सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, घरीच अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाईंनी. महाकाव्यात जन्म-बालपण नवऱ्याच्या वाट्याला आलं, आणि क्रूस, कबर, ती पहाट बायकोच्या. योजून असं जमत नाही.

आता तिसरी गोष्ट. हिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं.

मेलेला माणूस जिवंत होण्याची कथा आपल्याला नवी आहे का? सावित्रीनं यमाकडून सत्यवान परत आणला. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सच्चिदानंदबाबांना उठवलं आणि मग त्यांनीच ज्ञानेश्वरी लिहून घेतली, अशी आख्यायिका आहे. बायबलातही अशा कथा भरपूर आहेत. एलीयानं सारफथच्या विधवेचा मुलगा उठवला, अलीशानं शुनेमच्या बाईचा. येशूनं याईराची मुलगी, नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा आणि चार दिवसांचा मेलेला लाजर उठवला. पेत्रानं यापोत टबीथेला उठवलं. ही गोरगरीब विधवांना कपडे शिवून देणारी बाई, आणि तिच्या उशाशी रडणाऱ्या बायका तिनं शिवलेले अंगरखे दाखवत होत्या, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. सुंदर जागा आहे ती, जाता जाता सांगितली.

पण ही सगळी माणसं पुढे पुन्हा मेली. लाजरही मेला. त्यांना मिळालं ते वाढवून दिलेलं आयुष्य. येशूच्या पुनरुत्थानाचा दावा वेगळा आहे. तो जुन्या आयुष्यात परत आला असं कोणी म्हणत नाही. त्याला पाहून ओळखीची माणसंही चाचपडतात, मरीयेला तो माळी वाटतो आणि नावानं हाक मारल्यावरच ती ओळखते. बंद दारांच्या घरात तो उभा राहतो आणि तरी भाजलेल्या माशाचा तुकडा खाऊन दाखवतो. पुनर्जन्माशीही याचं नातं नाही, कारण पुनर्जन्मात देह बदलतो. इथं माणूसही तोच आणि देहही तोच, पण मृत्यूच्या पलीकडे गेलेला.

मग ही कल्पना आली कुठून? यहुदी लोकांच्या जुन्या शास्त्रात बराच काळ मेलेल्यांसाठी अधोलोकापलीकडे फारसं काही नव्हतं. सदूकी पंथाच्या यहुद्यांनी तर येशूच्या काळातही पुनरुत्थान मानलं नाही. ही श्रद्धा स्पष्टपणे बोलू लागते ती इसवी सनापूर्वी १६७च्या सुमारास, अंतियुख राजाच्या छळाच्या काळात. दानिएलाच्या पुस्तकाच्या शेवटी ती आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, जे कॅथलिक बायबलात आहे आणि आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही, एक आई आणि तिचे सात मुलगे आहेत. राजा एकेकाला हालहाल करून मारतो. तिसरा मुलगा आपले हात पुढे करतो. हे मला देवानं दिले, ते मी त्याच्याकडून परत घेईन, असा त्याच्या बोलण्याचा आशय. आपलं सर्वांचं कसं होणार, या भीतीतून हे आलेलं नाही. ज्यांनी काही वाईट केलं नाही आणि तरी ज्यांना मारून टाकलं, त्यांचं काय? राजाचाच शब्द शेवटचा का? या प्रश्नातून पुनरुत्थान जन्मलं. मूळचा हा न्यायाचा दावा आहे. पुढे धर्मानं त्याचं सांत्वन करून टाकलं, ही गोष्ट निराळी.

हे ध्यानात धरलं की थोमा या शिष्याची गोष्ट उलगडते. खिळ्यांचे वण पाहिल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही, असं थोमा म्हणाला. आम्ही लहानपणापासून त्याला अविश्वासू म्हणून हिणवत आलो. आठ दिवसांनी येशू येतो आणि हात पुढे करतो: घाल बोट. थोमानं खरंच बोट घातलं का? योहान ते लिहीत नाही. काराव्हाज्जो या इटालियन चित्रकारानं ते बोट थेट कुशीच्या जखमेत खुपसलेलं रंगवलं आणि जगाच्या मनात तेच बसलं. पण मला वेगळंच विचारायचंय. जो मृत्यूवर मात करून आला, त्याला हातापायांची भोकं बुजवता आली नसती का? उठलेल्या देहावर वण कशाला?

माझ्या वाचनात यातच सगळं आहे. मारणाऱ्यांनी जे केलं ते पुसलं गेलेलं नाही. ‘झालं गेलं विसरा’ असं उठलेला येशू म्हणत नाही. शांती असो म्हणतो, आणि लगेच हात दाखवतो. मुलगा गेलेल्या आईला, नवरा गेलेल्या बाईला ‘देवाची इच्छा होती’ म्हणून सांगणारी माणसं आमच्याकडेही आहेत, तुमच्याकडेही असतील. त्यांनी हे हात पाहावेत. मारलं माणसांनी, मारणाऱ्यांचा शिक्का राजाचा होता, आणि देव मारलेल्याच्या बाजूनं उभा राहिला. पहिल्या शिष्यांनी गावोगाव हेच सांगितलं: तुम्ही मारलंत, देवानं उठवलं.

पौलाला करिंथात कोणीतरी विचारलं होतं, मेलेले उठतात कसे, कसलं शरीर घेऊन येतात? पौलाचा पारा चढला. आधी त्या माणसाला मूर्ख म्हणतो, मग बियाण्याचं उदाहरण देतो: पेरतोस ते मेल्याशिवाय उगवत नाही, आणि पेरतोस तो दाणा असतो, उगवणारं झाड नसतं. आपल्याकडे हे अधिक सोपं आहे. मृगात मातीत टाकलेली सरकी आणि दसऱ्याच्या सुमारास फुटलेलं बोंड शेजारी ठेवलं, तर शेती न पाहिलेल्या माणसाला दोहोंचं नातं सांगून पटणार नाही. पौल शहरी माणूस, तंबू शिवून पोट भरणारा. दुबार पेरणी त्यानं पाहिलेली नसावी. बी मातीत टाकलं की उगवतंच असं धरून तो बोलतो. इथला शेतकरी तसं धरत नाही, आणि तरी पेरतो. हा फरक पौलाला कळला असता तर त्यानं तो अध्याय आणखी चांगला लिहिला असता, असं मला वाटतं. माझे पाळक सभागृहात असतील तर त्यांनी क्षमा करावी.

आता राहिलं ते मानणाऱ्यांचं. हे सगळं मानून आम्ही करतो काय?

ईस्टरच्या पहाटे आमच्या बऱ्याच मंडळ्या कबरस्तानात जमतात. अंधार असतो, मेणबत्त्या असतात. त्या वर्षात ज्यांच्या घरी कोणी गेलेलं असतं, ते आपापल्या कबरीशी उभे राहतात. गाणी होतात, उजाडतं, प्रभू उठल्याची घोषणा होते, लोक एका आवाजात तिला दुजोरा देतात. वसईकडच्या कॅथलिक लोकांत आदल्या रात्री नवा अग्नी पेटवून मोठी मेणबत्ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात. पद्धती निराळ्या. कोणी म्हणेल, शुभवर्तमान सांगतं तो इथं नाही, आणि तुम्ही नेमके तिथंच जाता! खरं आहे. पण आम्ही तिथं राहत नाही. उन्हं वर यायच्या आत घरी परततो, आणि घरी जेवण असतं.

ते जेवण मला फार महत्त्वाचं वाटतं. अम्माऊसच्या वाटसरूला शिष्यांनी ओळखलं ते त्यानं वाटेत केलेल्या शास्त्राच्या विवरणावरून नाही, जेवताना त्यानं भाकर मोडली तेव्हा. योहानाच्या शेवटच्या अध्यायात शिष्य पुन्हा गालीलच्या समुद्रावर मासेमारीला गेलेत, रात्रभर जाळं रिकामं, सकाळी एकशे त्रेपन्न मासे. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, भाकर, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. कोळशाचा विस्तव योहानाच्या पुस्तकात याआधी एकदाच येतो. पेत्र ज्या रात्री ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणाला, तेव्हा तो अशाच विस्तवाशी शेकत उभा होता. इथं न्याहारी झाल्यावर त्याला तीनदाच विचारलं जातं, माझ्यावर प्रीती करतोस का? आणि तीनदाच काम दिलं जातं: मेंढरं सांभाळ. पेत्राची माफी अशी, विस्तवाशेजारी, पोटात अन्न गेल्यावर.

आणि जागा कोणती? गालील. राजधानी यरुशलेम नव्हे. गालील म्हणजे कोळ्यांची, कुणब्यांची गावं, जिथल्या बोलीवरून राजधानीतल्या लोकांनी पेत्राला ओळखलं होतं. मार्कमधल्या त्या तरुणाचा निरोप हाच होता, तो तुमच्यापुढे गालीलात गेलाय. आपला जिल्हाही असाच एक गालील. इथं फ्री मेथडिस्ट मिशनची माणसं आली, उमरीला दवाखाना उभा राहिला. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले विद्यार्थी यवतमाळात येऊन ग्रीक आणि हिब्रू शिकत. १९८३ साली ती पुण्याला बिबवेवाडीत गेली. जाण्याची कारणं असतील, पुण्यात सोयी जास्त. पण पुनरुत्थानाचे अध्याय मूळ ग्रीकमध्ये वाचायला शिकवणारी संस्था गालीलातून राजधानीच्या दिशेनं सरकली, याची मला अजूनही थोडी चुटपुट आहे. उमरीचं नाव मात्र आजही लोक बाळंतपणासाठी, ऑपरेशनसाठी घेतात. कोणत्या कामात ही श्रद्धा जास्त दिसते, वर्गात की दवाखान्यात, हे तुम्हीच ठरवा. माझं मत मी लपवलेलं नाही.

यवतमाळच्या संमेलनाच्या पुढच्या वर्षी उस्मानाबादला फादर फ्रान्सिस दिब्रिटो संमेलनाध्यक्ष झाले. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता. एका धर्मगुरूची निवड झाली म्हणून तेव्हा विरोध झाला, धमक्याही आल्या. २०२४च्या जुलैमध्ये ते गेले. पुनरुत्थानाचे हे अध्याय आजच्या मराठीत वाचायचे असतील तर त्यांचा अनुवाद घ्या. रमाबाईंचा हाती लागला तर तोही घ्या. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, मार्कपासून सुरुवात करा आणि त्याच्या शेवटच्या अध्यायाच्या आठव्या ओळीवर थांबून पाहा.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवायला बजावलंय, म्हणून आवरतं घेतो. पहिला प्रश्न काय येणार हे मला ठाऊक आहे, दरवेळी तोच येतो: सर, ते सगळं ठीक, पण तुम्ही स्वतः हे खरं मानता का?

मानतो. सिद्ध करून दाखवा म्हणाल तर मला येणार नाही. कोणत्या आधारावर मानतो म्हणाल, तर ज्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि ज्यांचं कोणी ऐकलं नाही अशा दोन-चार बायकांच्या सांगण्यावर. हा आधार ज्यांना अपुरा वाटतो त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते अकरा जण तुमच्याच बाजूचे होते. दुसरा प्रश्न विचारा.